न कळवता डेटा फाईलचा फॉरमॅट बदलल्याबद्दल तक्रार

दि. २८ ऑक्टोबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: दूध संकलन सॉफ्टवेअरची डेटा फाईल एमडीबी या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या जुन्या फॉरमॅटवरून एसीसीडीबी या नव्या फॉरमॅटवर नेल्याने बिलांचा झालेला खोळंबा

महोदय,

आमची गावची दूध संस्था आहे, ३८० उत्पादक. तुमचे सॉफ्टवेअर नऊ वर्षे वापरतो. वजन, फॅट, एसएनएफची (दुधातल्या फॅटशिवायच्या घन घटकांची) नोंद त्यात होते. दर दहा दिवसांनी मी एक्सेलचा मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणारी आज्ञावली) चालवून त्याच फाईलमधून माहिती घेतो आणि पशुखाद्याची कपात करून बिले काढतो. त्यासाठी फाईलचा पासवर्ड तुम्हीच लेखी दिलेला आहे.

१७ ऑक्टोबरला दुपारी तुमचा माणूस वार्षिक देखभालीसाठी आला आणि नवी आवृत्ती टाकून गेला. डेटा आता एसीसीडीबी फाईलमध्ये जाणार, हे त्याने सांगितले नाही. जुनी एमडीबी फाईलही तिथेच ठेवली. २१ तारखेला मॅक्रो ती जुनीच फाईल वाचून नेहमीसारखा चालला, एकही एरर आली नाही. बिलाच्या चिठ्ठ्या वाटून झाल्या. मग एक मावशी खिडकीशी आल्या, चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, सतरा तारखेच्या सकाळनंतरचं माझं दूध कुठं गेलं?" सगळ्यांचेच गेले होते. साडेतीन दिवसांचे दूध बिलात नव्हते, तेही दिवाळीच्या तोंडावर. एरर आली असती तरी परवडले असते.

मॅक्रोत नव्या फाईलचे नाव घातले, तर ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’. तुमच्या हेल्पलाईनने फाईलचे एक्स्टेन्शन बदलून एमडीबी करायला सांगितले. त्याने काय होणार? मॅक्रो ज्याच्या मदतीने फाईल वाचतो ते जेट इंजिन नाव बघत नाही, फाईलची आतली रचना बघते, आणि अ‍ॅक्सेस २००७ पासून आलेली ही रचना जेट ४.० ला वाचताच येत नाही. दुसऱ्या दिवशी ६४ बिटचे डेटाबेस इंजिन टाकायला सांगितले. आमचे ऑफिस २०१० हे ३२ बिटचे आहे. इन्स्टॉलरने तेच कारण देऊन नकार दिला. यात दोन दिवस गेले.

शेवटी माझे मीच शोधले. एसीसीडीबी वाचायला लागणारे एसीई इंजिन ऑफिससोबत आमच्या मशीनवर आधीपासून होते. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मॅक्रोला फाईलशी जोडणाऱ्या ओळीत, ‘मायक्रोसॉफ्ट.जेट.ओएलईडीबी.४.०’ काढून ‘मायक्रोसॉफ्ट.एसीई.ओएलईडीबी.१२.०’ लिहायचे, एवढीच एक ओळ. ती तुमच्या माणसाने कागदावर लिहून ठेवली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते.

आता गाडी पासवर्डवर अडली आहे. पासवर्ड तोच आहे. अ‍ॅक्सेसमध्ये फाईल हाताने उघडते, मॅक्रोतून मात्र ‘नॉट अ व्हॅलिड पासवर्ड’ येते. अ‍ॅक्सेस २०१० पासूनच्या नव्या एन्क्रिप्शनने कुलूप घातले की बाहेरून जोडणी करताना ही अडचण येते. अ‍ॅक्सेसच्या क्लायंट सेटिंग्जमध्ये ‘लेगसी एन्क्रिप्शन’ (जुनी पद्धत) निवडून पासवर्ड काढून पुन्हा घातला की ती सुटते. पण देखभाल कराराप्रमाणे फाईलच्या रचनेला मी हात लावायचा नाही. तीन वेळा फोन केला, तीनदा ‘वरिष्ठांना कळवतो’ हेच उत्तर. राहिलेल्या दुधाचा हिशेब आम्ही संस्थेतल्या दोघांनी रजिस्टरवरून दोन रात्री बसून हाताने केला.

आज वसुबारस. गाई-म्हशींना ओवाळून लोक संध्याकाळी दूध घालायला येतील आणि पुढच्या बिलाचे विचारतील. ३१ तारखेला रात्री ते काढायचे आहे. त्याआधी माणूस पाठवून पासवर्ड जुन्या एन्क्रिप्शनने घालून द्यावा आणि जुनी एमडीबी फाईल माझ्यासमोर वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी. या भेटीचे पैसे संस्था देणार नाही. यापुढे फाईलचा फॉरमॅट, टेबलांची नावे किंवा पासवर्ड बदलणार असाल तर निदान एक बिल आधी, म्हणजे दहा दिवस अगोदर लेखी कळवावे आणि सोबत चालणारी कनेक्शन स्ट्रिंग द्यावी. आमच्यासारख्या ज्या संस्था मॅक्रोने बिले काढतात, त्यांनाही आजच फोन करा. त्यांची जुनी फाईल अजून तिथेच असेल.

कळावे,

आपला,
सचिव, दूध संस्था

सोबत: २१ ऑक्टोबरच्या अपुऱ्या बिलाची प्रत, दोन्ही एररचे फोटो, देखभाल कराराची प्रत