दूध न पिणारा देव

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘देव का मानता?’ या विषयावर आपल्या पानावर पत्रं येत आहेत. मानणाऱ्या बहुतेकांना देवाने काहीतरी दिलेलं दिसतं: कुणाला नोकरी, कुणाला मूल, कुणाला दुखण्यातून उतार. माझा हिशेब उलटा आहे, म्हणून लिहितो.

मी टर्नर. वागळे इस्टेटमध्ये लेथवर एकतीस वर्षं काढली. चमत्कारांशी आपलं कधी जमलं नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा आमच्या किसननगरच्या चाळीतही लोक वाटी-चमचा घेऊन धावले. चमचा सोंडेला टेकला की दूध ओढलं जायचं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ होऊन खाली ओघळायचं. घट्ट बसलेल्या दोन भागांच्या फटीत तेल आपोआप चढतं, तसंच हे. मी तसं बोललो, तर बायकोने दोन दिवस अबोला धरला. (तिसऱ्या दिवशी चहा मिळाला, पण साखरेविना.) जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला तेव्हाही मला बरंच वाटलं.

तरी मी देव मानतो, आणि त्याचं कारण चाळीस बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या.

रात्रपाळी होती. डायलवर एक घर चुकलं आणि चाळीस बुशांचा बोअर, म्हणजे आतलं भोक, दोन शतांश मिलिमीटरने मोठा झाला. बाहेरून बघून कुणालाही कळलं नसतं. क्वालिटीवाला सकाळी येणार, दहातला एक उचलून मोजणार. चांगल्या मालात मिसळून दिले असते तर खपून गेले असते. पुढे कुठल्यातरी यंत्राच्या पोटात लवकर झिजले असते, एवढंच. शेडमध्ये मी आणि झोपलेला हेल्पर. पेटी उचललीसुद्धा. आणि मग लाज वाटली. नुसती भीती असती तर ती मी गिळली असती, सवय होती. ही लाज वेगळी होती. लहानपणी चोरून गूळ खाताना मागे वळावं आणि दारात वडील उभे असावेत, रागावलेले नाहीत, नुसते बघताहेत, तशी. चाळीसच्या चाळीस रिजेक्टच्या पेटीत टाकले, चिठ्ठी स्वतः लिहिली. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला, फोरमनने सगळ्यांदेखत सालटी काढली ती वेगळीच.

नातू म्हणतो, “म्हणजे आजोबा, तुमचा देव सीसीटीव्ही.” नाही रे बाबा. कॅमेऱ्याची नजर चुकवता येते, आणि ती चुकवली की माणूस खूश होतो. त्या रात्री दारात उभं होतं त्याची नजर चुकवावीशीच वाटेना. सोमवारी कौपिनेश्वराच्या देवळात जातो तेव्हा काही मागत नाही, नुसता समोर उभा राहतो, ते म्हणूनच.

सूनबाई शिकलेली आहे. ती म्हणते, ती तुमची सदसद्विवेकबुद्धी होती, तिला देव कशाला म्हणता? असेलही. पण त्या रात्री माझी बुद्धी काय सांगत होती ते मला चांगलं आठवतं. ती म्हणत होती, मिसळून टाक आणि घरी जाऊन झोप.

— एक निवृत्त कामगार, किसननगर, ठाणे