करिअर कोच व्हायचंय? आधी व्हिसा बघा

मा. संपादक,

घरातले पहिलेच ऑफिसच्या नोकरीत आलेल्या तरुणांना मार्गदर्शन करायला अमेरिकेतली आपली काही मंडळी करिअर कोच होऊ पाहतात. आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या कोचांच्या संघटनेच्या एसीसी या पहिल्या प्रमाणपत्राला ६० तासांचं प्रशिक्षण, किमान ३ महिन्यांत विभागलेलं १० तासांचं मेंटर कोचिंग (अनुभवी कोचकडून मार्गदर्शन) आणि कोचिंग करण्याचा १०० तासांचा अनुभव लागतो. घोडं अडतं ते इथेच. अनुभवाच्या १०० तासांतले ७५ तास मोबदला घेऊन केलेले हवेत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर मात्र अर्ज भरणाऱ्या कंपनीखेरीज कुणाकडून कामाचे पैसे घेता येत नाहीत. ‘पैसे नकोत, वेबसाइट करून दे’ हाही मोबदलाच! प्रशिक्षण आधी उरका, फी मात्र तशी परवानगी हाती आल्यावरच. तोवर ना-नफा संस्थेत स्वयंसेवक म्हणून रेझ्युमेवरचा फोटो, जन्मतारीख काढून टाकायला आणि मुलाखतीत ‘आम्ही केलं’ऐवजी ‘मी केलं’ म्हणायला शिकवावं.

– एक वाचक, न्यू जर्सी