मिरगाआधी हातमोजे

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मिरग तोंडावर आलाय आणि कोल्हापूरहून दर पंधरवड्याला बाइकने आंबा घाट उतरून घरी यायचा तुझा बेत पक्का आहे, म्हणून हे आत्ताच लिहिते. हेल्मेट आणि रेनकोट तू नीट पारखून घेतलेस. हातमोज्यांचं मात्र फोनवर "चांगले जाड, उबदार बघते" म्हणालीस, ते मला पटलं नाही. तुझ्या वाटेवर ऊब सगळ्यात शेवटी बघायची. आधी पाणी आत येता कामा नये, आणि हातमोजा इतका पातळ हवा की ब्रेकचा लिव्हर बोटांना कळला पाहिजे.

जाड हातमोज्यात भराव असतो. ऊब देते ती त्या भरावात अडकलेली हवा. भराव भिजला की हवेची जागा पाणी घेतं आणि हात उघडा असल्यासारखाच गारठतो. वर असा भिजलेला भराव आषाढात दोन-दोन दिवस वाळत नाही. त्याहून मोठी अडचण तळव्याची. ओल्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नसतो, दाब हळूहळू वाढवत न्यायचा असतो. जाड तळव्यातून तो दाब कळत नाही, आणि गारठून बधिर झालेल्या बोटांनाही कळत नाही. ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर आठ मीटर गेले, आणि आंबा घाटातल्या धुक्यात पुढचं तेवढंच दिसत असतं.

दुकानात लेबल वाचताना "वॉटर रेझिस्टंट" आणि "वॉटरप्रूफ" यांत गल्लत करू नकोस. पहिला नाणिजपासून पालीपर्यंतच्या सरीतसुद्धा टिकणार नाही. खऱ्या वॉटरप्रूफ हातमोज्यात बाहेरचं कापड किंवा चामडं आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये मेम्ब्रेनची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्याची, पिशवी असते. गोअर-टेक्स, हायपोरा अशी नावं दिसतात ती या मेम्ब्रेनची. पाणी अडवायचं काम तिचं, बाहेरच्या थराचं नाही. बाहेरचं कापड भिजून जड झालं म्हणजे हातमोजा गळतोय असं समजू नकोस. पण तो भिजलेला थर वाऱ्यात सुकताना हाताची ऊब ओढून घेतो. म्हणून बाहेरून कमी पाणी पिणारा घे, आणि कापडावरून पाण्याचे थेंब घरंगळेनासे झाले की पाणी झटकणारा स्प्रे मारत जा.

आणल्या दिवशी, बिल हाताशी असतानाच, बादलीत तपास. हातमोजा घालून मनगटापर्यंत पाण्यात धर, कफच्या, म्हणजे हातमोज्याच्या मनगटाकडच्या तोंडाच्या, वर पाणी जाऊ देऊ नकोस. पाच मिनिटं मूठ उघड-मीट करत राहा. गळती असली तर बहुतेक वेळा बोटांच्या टोकांशी किंवा दोन बोटांमधल्या बेचक्यात एका जागी गार टाचणी लागल्यासारखं जाणवतं. घामाची ओल अशी नसते. ती कोमट असते आणि तळवाभर सारखी पसरते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच इतकी वाफ असते की मेम्ब्रेनमधून घाम बाहेर पडायला वाव राहत नाही. त्यामुळे तासाभराने हात थोडा दमट होणारच. एवढ्यावरून चांगला हातमोजा परत करू नकोस.

आता अस्तर. स्वस्तातल्या हातमोज्यांची खोड इथेच असते आणि दुकानात ती कोणी तपासत नाही. साखरप्याला चहाला थांबलीस, ओला हात बाहेर ओढलास की बोटांचं अस्तर हाताबरोबर उलटून बाहेर येतं. मग ते परत आत बसत नाही, बोटं निम्म्यातच अडकतात. म्हणून दुकानात हात थोडा ओला करून हातमोजा चार-पाच वेळा घाल-काढ करून बघ. बोट आत घालून अस्तर चिमटीत धर आणि हलकं ओढ. टोकाशी ते शिवलेलं किंवा चिकटवलेलं असेल तर सुटणार नाही. काढताना आधी एकेका बोटाचं टोक ओढून सैल करायचं आणि मगच हात बाहेर घ्यायचा, ही सवय लावून घे. याच कारणाने दुकानाबाहेरच्या एखाद्या बाइकची मूठ धरून ॲक्सिलरेटरसारखी पिळूनही बघ. तळव्यातले थर एकमेकांवर सरकत असतील तर तो हातमोजा नको. मेम्ब्रेन बाहेरच्या थराला चिकटवलेलं असेल तर हा त्रास होत नाही. त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी दे.

पाणी बहुतेक वेळा शिवणीतून येत नाही, कफमधून येतं. तुझ्या बाइकवर हात कोपरापेक्षा खाली असतात, म्हणजे बाहीवरचं पाणी हाताकडे उतरतं. कफ बाहीच्या वर ओढलास तर ते सगळं सरळ हातमोज्यात जमा होईल. तेव्हा कफ आत, रेनकोटची बाही त्याच्यावर, आणि बाहीचा वेल्क्रो घट्ट. आता मेख अशी की मोठ्या रुंद कफचे हातमोजे रेनकोटच्या बाहीखाली मावतच नाहीत. खरेदीला जाताना रेनकोट सोबत ने आणि अंगावर चढवूनच बघ. दुकानदार हसला तर हसू दे.

पडल्यावर माणूस आधी हात टेकतो, म्हणून संरक्षणाशी तडजोड करायची नाही. युरोपातलं ईएन 13594 हे मानक मोटरसायकलच्या हातमोज्यांसाठीच आहे. आतल्या लेबलवर बाइकस्वाराचं चित्र आणि त्याखाली 1 किंवा 2 हा आकडा असतो. घासण्याच्या चाचणीत पातळी 1 चा तळवा निदान 4 सेकंद टिकावा लागतो, पातळी 2 चा 8 सेकंद. आकड्याबरोबर केपी अशी अक्षरं असली म्हणजे बोटांच्या मुळांवरचं कवचही तपासलेलं आहे. पातळी 2 चे हातमोजे सहसा जाड आणि लांब कफचे असतात, म्हणून तुला मी 1 केपी सुचवेन. तळवा शेळीच्या चामड्याचा असू दे. ते पातळ असूनही चिवट असतं. नुसतं नायलॉन डांबरावर घासलं की तापून वितळतं. मनगटाजवळ तळव्याच्या टाचेवर कडक, गुळगुळीत चकती आहे का ते बघच. ती नसली तर तळवा रस्त्यात रुततो आणि सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्कॅफॉइड नावाच्या लहानशा हाडावर येतो. त्या हाडाला रक्तपुरवठा एकाच टोकाने होतो, म्हणून मोडलं तर सांधायला महिने लागतात आणि पहिल्या एक्स-रेत ते कितीदा दिसतही नाही. शेवटी मनगटाचा पट्टा बांधून मैत्रिणीला बोटांची टोकं धरून जोरात ओढायला सांग. पट्टा बांधलेला असताना हातमोजा निघाला तर पडतानाही निघेल.

माप मुठीत बघायचं, सरळ हातात नाही. मूठ वळल्यावर बोटांच्या टोकाला तीन-चार मिलिमीटर जागा राहिली पाहिजे आणि अंगठ्याच्या बेचक्यात ताण येता कामा नये. करकचून बसणाऱ्या हातमोज्यात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं लवकर गार पडतात. डाव्या अंगठ्यावर किंवा तर्जनीवर व्हायझर पुसायची रबरी पट्टी असेल तर उत्तम, धुक्यात तिच्याइतकं उपयोगी काही नाही. टचस्क्रीनच्या बोटांसाठी पैसे घालवू नकोस, ओल्या काचेवर ती चालत नाहीत.

थंडीसाठी दुसरा जाड जोड नको. पहाटे मलकापुराकडे पारा 10 वर आला तर ताशी 60 च्या वाऱ्यात उघड्या कातडीला तो 5 सारखा बोचतो, पण मेम्ब्रेन वाराही अडवतं. आतून पातळ थर्मल हातमोजे घातले की झालं. ते सोबत घेऊनच माप बघ. बाइकला हँडगार्ड लावून घे. समोरचा वारा आणि पावसाचा मारा त्याच्यावरच अडतो. उन्हाळ्यात मात्र हे वॉटरप्रूफ हातमोजे घालू नकोस, जाळीचे वेगळे वापर.

घरी आलीस की ओले हातमोजे चुलीजवळ, हीटरपुढे किंवा कडक उन्हात वाळवायचे नाहीत. उष्णतेने मेम्ब्रेनचा गोंद सुटतो आणि चामडं कडक होऊन तडकतं. आधी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव, तासाभराने बदल, मग पंख्याखाली लटकव. इथल्या खाऱ्या वाऱ्याचं मीठ शिवणीत बसतं, म्हणून अधूनमधून साध्या पाण्याने बाहेरून पुसून घे. वेल्क्रोत वाळू अडकली की तो धरत नाही, जुना टूथब्रश फिरव. ओले असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेस तर दोन दिवसांत बुरशी येईल. आलीच तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून पुन्हा वाळव. खोबरेल तेल अजिबात चोळू नकोस, तळवा निसरडा होतो. चामड्याचं क्रीम मिळतं, ते पावसाळ्याआधी आणि नंतर पुरतं.

आता एवढं कर. उजव्या हाताची बोटं जुळवून, अंगठा सोडून, बोटांच्या मुळांवरून शिंप्याच्या टेपने घेर मोज. 7 इंच आला तर साइज 7, 8 आला तर 8, आणि अधेमधे आला तर वरचा घे. घेर मला आज रात्रीच व्हॉट्सॲपवर कळव. रत्नागिरीच्या दुकानात तुझ्या मापाचे आहेत का ते मी उद्या विचारून येते. नाहीतर तू शनिवारी कोल्हापुरातच बघ, पण येताना घातल्याशिवाय घाट उतरू नकोस.

तुझी,
आई