तक्रार: तुमच्या सॉफ्टवेअरने आमचे पार्ट ‘दुबार’ समजून काढून टाकले

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: नव्या आवृत्तीमुळे बँडच्या शीट म्युझिकच्या नोंदी व स्कॅन गहाळ होण्याबाबत

महोदय,

आमच्या हौशी बँडचा संग्रह मी सांभाळते. सगळ्या रचनांची नोंद गेली तीन वर्षे तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. नवी आवृत्ती घेतल्यावर ‘दुबार नोंदी काढून टाकल्या’ असा संदेश आला. मला न विचारता काढलेल्या त्या नोंदी दुबार नव्हत्याच.

एका मार्चमध्ये, म्हणजे संचलनाच्या रचनेत, हॉर्नचे पार्ट (त्या वाद्याने वाजवायची पाने) एफ आणि ई-फ्लॅट अशा दोन्ही सुरांत आहेत. जुन्या छापील संचांत हे बऱ्याचदा सापडते. तुमच्या प्रणालीने शीर्षक आणि वाद्याचे नाव तेवढे पाहिले आणि एफचा पार्ट काढला. तालमीला मी उरलेल्या स्कॅनवरून प्रती छापल्या. आमचे हॉर्न एफचे, समोर पार्ट ई-फ्लॅटचा. त्यामुळे प्रत्येक सूर एक पूर्ण स्वर वर लागला. वादक बिचारे आपलेच कान तपासत बसले. तालमीचा अर्धा तास त्यात गेला.

युफोनियम या पितळी वाद्याचेही तेच. ट्रेबल क्लेफ आणि बेस क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता सूर हे सांगणारी चिन्हे) या दोन पानांवर संगीत एकच असते, पण एक वाचणाऱ्याला दुसरे चालत नाही. तिसऱ्या क्लॅरिनेटचे स्कॅन गेले त्याचे मला सर्वांत वाईट वाटते. श्वास कुठे घ्यायचा याच्या पेन्सिलच्या खुणा त्यावर होत्या. मूळ पान झिजले म्हणून ते खास स्कॅन करून ठेवले होते, आणि त्यानंतर ते पान फाटलेही.

तक्रार नोंदवल्यावर ‘फाइलींना वेगवेगळी नावे द्या’ असे उत्तर आले. नावे वेगळीच होती. ‘सूर’ आणि ‘क्लेफ’ हे रकाने तुम्हीच दिलेत, मी ते एकूण एक भरले. तुलना करताना तुमची प्रणाली ते पाहतच नाही.

काढलेल्या नोंदी आणि स्कॅन तुमच्या सर्व्हरवरील बॅकअपमधून परत मिळवून द्या. यापुढे एकही नोंद माझ्या संमतीशिवाय काढली जाऊ नये, अशी सोय करा. शिवाय पार्टची यादी वर्णानुक्रमे न लावता स्कोअरच्या (सर्व वाद्यांच्या एकत्रित प्रतीच्या) क्रमाने, म्हणजे फ्लूटपासून तालवाद्यांपर्यंत, लावता यावी, ही मागणी मी पूर्वीही केली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तोवर वर्गणीचे नूतनीकरण मी थांबवत आहे.

आपली,
बँडची ग्रंथपाल