वचन निम्म्यावर थांबवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धर्मग्रंथ आणि नीती या विषयावरील आपल्याकडील एका वाचकपत्रात, ख्रिस्ती माणसाला नैतिक पेच पडत नाही, कारण बायबल उघडले की उत्तर छापलेलेच असते, असे म्हटले होते. आमच्यातलेही काही जण हेच अभिमानाने सांगतात, म्हणून हे पत्र.

माझ्या मावशीचा नवरा दारू पिऊन तिला मारी. ती माहेरी निघून आली तेव्हा मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, वडीलधाऱ्यांनी बायबलच्या जुन्या करारातील मलाखी या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील सोळावे वचन तिच्यापुढे ठेवले : देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे. मावशी परत नांदायला गेली. तिचे पवित्र शास्त्र आता माझ्याकडे आहे. त्या वचनाखाली तिने तांबड्या पेन्सिलीने ओढलेली रेघ निम्म्यावर थांबते. उरलेल्या निम्म्यात, आपले वस्त्र जुलमाने झाकणाऱ्याबद्दलही तितकीच कडक भाषा आहे. मूळ हिब्रू वाक्य अवघड आहे आणि त्याची भाषांतरे एकसारखी नाहीत, हे खरे. पण जुलमाचा उल्लेख बहुतेक भाषांतरांत कायम आहे.

घटस्फोटाबाबत शास्त्रातील वचनेही एका साच्यातली नाहीत. मार्ककृत शुभवर्तमानात येशू कोणताही अपवाद सांगत नाही, मत्तयकृत शुभवर्तमानात व्यभिचाराचा अपवाद आहे, आणि विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर मागे राहिलेला बांधील नाही, असे प्रेषित पौल करिंथकरांस पाठवलेल्या पत्रात लिहितो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परुश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, मोशेच्या नियमशास्त्रातील सूटपत्राचा दाखला दिला तेव्हा येशूने, ती आज्ञा तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिली गेली असे सांगून, उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील, नवराबायकोने एकदेह व्हावे या मूळ हेतूकडे बोट दाखवले. म्हणजे शास्त्राचा एक भाग दुसऱ्याच्या उजेडात वाचण्याची रीत आम्हाला प्रभूकडूनच मिळाली आहे.

ही रीत सर्व मंडळ्यांत सारखी नाही. कॅथलिक चर्च शास्त्राबरोबर परंपरा आणि चर्चची अधिकृत शिकवण यांना धरून चालते. वैध विवाहबंधन तुटत नाही, असे ते मानते. मात्र जोडीदाराकडून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा त्याच्याच धर्मविधीसंहितेत आहे. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी केवळ शास्त्राचा आधार घेऊन व्यभिचार आणि परित्याग या कारणांसाठी घटस्फोट मान्य केला. इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या अँग्लिकन परंपरेत शास्त्राच्या जोडीला विवेकबुद्धीलाही मान असतो. मतभेद आहेत आणि ते राहतील. पण मार खाणाऱ्या बाईला परत धाडणे हे यांपैकी कोणत्याही विचारातून आपोआप निघत नाही.

कायदाही याबाबत फार काळ मागे होता. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागासारखे आणखी कारण दाखवावे लागे. ही विषमता 2001च्या दुरुस्तीने गेली आणि क्रूरता हे दोघांसाठीही स्वतंत्र कारण ठरले. तोवर मावशीचे लेकरांना वाढवण्याचे वय सरले होते.

आमच्याकडे लग्नाआधी वधूवरांना पाळकसाहेब चार गोष्टी समजावून सांगतात. त्या वेळी मलाखीचे ते वचन शेवटच्या शब्दापर्यंत, आणि नवऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, एवढी माझी मंडळ्यांना विनंती आहे.

आपली,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर