मग तू डॉक्टर कशाला झालीस?

मुसांझे, रवांडा
रविवार

चि. मल्हार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फणकाऱ्याने म्हणालास, "मग तू डॉक्टर कशाला झालीस?" आणि आजीच्या हातात फोन कोंबून निघून गेलास. मला राग आला नाही. त्या जखमी गोरिलाचा फोटो मीच पाठवला होता, आणि त्याच्या जखमेला आम्ही हात लावला नाही हेही मीच सांगितलं, तेव्हा विचारायचा हक्क तुला आहेच. मी "तसा नियम आहे" एवढंच म्हणाले, आणि आईने नियम सांगितला की तुझं डोकं फिरतं हे मला नवीन नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. आजीलाही वाचून दाखव, तीसुद्धा फोन ठेवता ठेवता "पोरगं बरोबरच बोलतंय" असं पुटपुटली, ते मी ऐकलंय.

मी रोज गोरिलांना इंजेक्शनं देते हे आधी डोक्यातून काढ. शिरवळहून पास होऊन मी तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात होते, तेव्हा शेतकरी म्हैस घेऊन यायचा आणि म्हशीला काही झालेलं नसलं तरी म्हणायचा, "आता आलोच आहे तर एक सुई टोचाच, मॅडम." नाही टोचली तर माझ्या डिग्रीबद्दलच शंका. इथे उलटं. आठवडेच्या आठवडे सुई हातात येत नाही.

तुझ्याकडे साडेआठ वाजून तू दप्तर शोधत असतोस, तेव्हा इथे पाच वाजलेले असतात. माग काढणारी माणसं आमच्याही आधी निघतात. काल गोरिला जिथे सोडले तिथून सुरुवात. गोरिला रोज संध्याकाळी पाला-फांद्या वाकवून नवं अंथरूण करतात, एक रात्र झोपतात, तिथेच घाण करतात आणि सकाळी चालू लागतात. ती घाण म्हणजे आमचा खजिना. कुठलं अंथरूण कुणाचं हे साधारण कळतं, त्यामुळे हात न लावता जंत, जंतू, सगळं तपासता येतं. मी डब्या भरत असते तेव्हा तुझ्या मित्रांना सांग, "माझी आई गोरिलांशी खेळते."

जंगलाची हद्द लागेपर्यंत बटाट्याची शेतं आणि पायरेथ्रमची पांढरी फुलं, ज्यांच्यापासून कीटकनाशक करतात. या शेतीसाठी 1969 च्या सुमारास अभयारण्याचा मोठा तुकडा तोडून दिला. आता शेवटच्या सरीपासून जंगलाला वेगळं करतो तो फक्त दगडी गडगा, रानरेडे शेतात उतरू नयेत म्हणून रचलेला. पुढे चढ, चिखल, बांबू आणि अंगाला लागली की भाजल्यासारखी आग करणारी खाजरी झुडपं. ही झुडपं गोरिलांचं आवडतं खाणं आहे, आणि ती खातात कशी ते मी कितीही वेळा बघू शकते. खोडावरून मुठीने पानं वर ओढून घ्यायची, देठांचा जुडगा पिळून टाकायचा, मग पानांची घडी अशी घालायची की खाजरी बाजू आत जाईल, आणि ती पुडी तोंडात. आई खात असते आणि पिल्लू तिच्या हनुवटीला नाक लावून बघत असतं.

कळपापाशी पोचलं की मास्क, आणि दहा मीटर अंतर. तिथे उभं राहून एकेकाकडे बघायचं. श्वास कसा चाललाय, नाक वाहतंय का, केस गळालेत का, कोण मागे रेंगाळतंय, कोण खात नाही. ओळख नाकावरून. नाकपुड्यांच्या वरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि आमच्या वह्यांत त्यांची चित्रं काढलेली आहेत. नावंही आहेत. 2005 पासून दरवर्षी जवळच्या किनिगी गावात पिल्लांच्या नावांचा मोठा सोहळा होतो, आपल्या बारशासारखाच, फक्त पाळण्यात बाळ नसतं. बाळ वर डोंगरात, आईच्या पाठीवर.

आता तुझा गोरिला. तो ब्लॅकबॅक, म्हणजे पाठ अजून चंदेरी न झालेला तरणा नर. दोन कळप समोरासमोर आले, मारामारी झाली, दंडावर सुळ्यांची जखम. फोटोत भयंकर दिसते, मान्य. पण तो हात टेकून चालत होता, खात होता, जखम स्वतः चाटत होता. आमचा नियम असा: दुखणं माणसामुळे आलेलं असेल किंवा जिवावर बेतलेलं असेल तरच हात घालायचा. बाकीचं त्यांचं त्यांना. त्याची जखम या दोन्हींत बसत नव्हती. गोरिलांच्या जखमा किती झटपट भरतात हे बघून तुझ्या आजीचा हळदीवरचा विश्वास उडेल.

आणि हात घालायचा म्हणजे काय, तेही ऐक. गेल्या महिन्यात एका पिल्लाच्या मनगटात फास अडकला. हे फास लोक हरणासारख्या प्राण्यांसाठी लावतात, बांबू वाकवून, गवताखाली दोरी किंवा तार दडवून. गोरिला कुणालाच नको असतो, तरी सापडतो. इथे प्रश्नच नव्हता, हे माणसाचंच काम. पण पिल्लू आईला सोडेना, म्हणून आधी आईला भुलीचा डार्ट. वजन नजरेने ठरवायचं, तराजू कुठून आणणार? ती बसली, मग आडवी झाली. ते बघून सिल्व्हरबॅक धावून आला. चंदेरी पाठीचा, दीडशे किलोंच्या वरचा नर. आमची माणसं हातात हात घालून भिंतीसारखी उभी राहिली आणि गोरिला समाधानाने काढतात तसे घोगरे आवाज काढत राहिली. त्या भिंतीमागे चिखलात गुडघे टेकून मी फास कापला. नायलॉनची दोरी कातडीत रुतून सुजेखाली दिसेनाशी झाली होती. कात्रीचं टोक आत सरकवायला जागा मिळेना. शेवटी सुटली. बोटं गार होती, मी चोळत राहिले. हळूहळू नखांखाली रंग आला. जखम धुतली, अँटिबायोटिक दिलं, रक्त आणि नाकातला नमुना घेतला, उतारा टोचला, आणि सगळे मागे पळालो. आई उठली, पिल्लू पोटाशी धरलं, चालू लागली.

हे सुखरूप झालं. भुलीत श्वास अडकू शकतो, डार्ट लागलेला उतारावरून गडगडू शकतो, कळप बिथरून आपसांतच चावाचावी करू शकतो. चाटून बरी होणारी जखम शिवायला मी एवढं सगळं पणाला लावू?

पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही, ही रेघ दरवेळी इतकी सरळ नसते. खोकल्याचंच घे. 2009 मध्ये इथल्या एका कळपात खोकल्याची साथ आली, एक मादी आणि एक पिल्लू गेलं. तपासलं तर विषाणू माणसांकडचा निघाला. 1996 मध्ये युगांडातल्या ब्विंडीत गोरिलांना खरूज झाली, तीही बहुधा जवळच्या वस्तीतून आलेली. आपल्याला नाक शिंकरून सुटणारी सर्दी त्यांना मारू शकते. मग एखादा खोकू लागला की हे त्यांचं दुखणं की आम्ही नेलेलं? यावर आम्ही डॉक्टर रात्री जेवताना तावातावाने भांडतो. मी सहसा "उद्या पुन्हा जाऊन बघू" या बाजूची असते, आणि त्यावरून माझी चेष्टा होते.

दुपारचं सांगण्यासारखं नाही. नमुने फ्रीझरमध्ये, अहवाल, पार्कच्या माणसांच्या तपासण्या. हो, माणसांच्या. माग काढणाऱ्याला क्षय असेल तर ते गोरिलांचंही दुखणं आहे. जेवायला राजमा, उकडलेले बटाटे, केळ्यांची भाजी. लोणचं संपत आलंय, आजीच्या कानावर घाल.

गोरिलांच्या डॉक्टरकीचं हे काम 1986 मध्ये सुरू झालं, त्या सुमारास विरुंगाच्या या डोंगरांत जेमतेम अडीचशे-तीनशे गोरिला होते. 2016 च्या मोजणीत 604 भरले, आणि ब्विंडीचे धरून आता हजारावर आहेत. त्यात राखणदारांचा, पर्यटकांच्या पैशाचा वाटा मोठा. सुईचाही आहे.

तुझा ब्लॅकबॅक काल दिसला. जखमेवर खपली धरलीय. एका लहानग्याच्या हातातलं रानटी सेलरीचं दांडं हिसकावून खात होता. फोटो पाठवते, पण हा बघून तू हळहळणार नाहीस.

सुट्टीत यायचं म्हणतोस, तर ऐक. पंधरा पूर्ण असल्याशिवाय वर सोडत नाहीत, म्हणजे एप्रिलच्या वाढदिवसानंतरच. मेमध्ये इथे पाऊस असतो, गुडघाभर चिखल, बूट जुने आण. तुझं गोवराची लस टोचल्याचं कार्ड आजीच्या लोखंडी कपाटात असेल, शोधून फोटो पाठव. 1988 मध्ये गोवरासारखी साथ आली तेव्हा इथल्या गोरिलांना ती लस द्यावी लागली होती, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. आणि त्या दिवशी सर्दी असली तर तू खालीच थांबशील. मी तुला खाली सोडून गेले म्हणून चिडायचं नाही, मी वर असेन.

गणिताच्या क्लासचे पैसे बाबांनी भरलेत का, ते कळव.

तुझी,
आई