एल्ब्रुसची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एल्ब्रुस (५,६४२ मीटर) हा रशियातल्या कॉकेशस पर्वतरांगेतला सुप्त ज्वालामुखी जुलै-ऑगस्टमध्ये चढायला सोपा, असे सर्रास सांगितले जाते. उतार सौम्य आहे हे खरे. पण आपले सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर, आणि शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच. रोपवे आणि पुढे बर्फावरची गाडी काही तासांत साडेचार हजारांच्या वर नेऊन सोडते, शरीर मात्र तयार झालेले नसते. म्हणून ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. एकदा वाटेतल्या पास्तुखोव्ह खडकांपर्यंत (सुमारे ४,७०० मीटर) चढून झोपायला खाली यावे. डोकेदुखीसोबत उलटी सुरू झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर गोळी घेऊन वाट पाहू नका, लगेच उतरा.

निघावे रात्री दोन-तीनला. दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, ढग उतरतात आणि एल्ब्रुसच्या दोन शिखरांमधल्या खिंडीत वाट हरवते. क्रॅम्पॉन (बर्फात पकड देणारे बुटाखालचे काटे) बुटाला घरीच बसवून पाहावेत. हिप्परगा तलावाकाठी पळून दम वाढतो, विरळ हवेची सवय होत नाही. मोहिमा आखणाऱ्यांनी खराब हवामानासाठी दोन दिवस राखून ठेवावेत, खर्च वाढला तरी.

– एक गिर्यारोहण प्रशिक्षक, सोलापूर